डोळे उघडून दिलेला फोटो

मला मेलेल्या माणसाची भीती वाटते. फोटोग्राफरने असं सांगू नये, पण आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सगळं नीट कळेल. नव्वदच्या दशकात आमच्या धंद्यात 'शेवटचा फोटो' हे नेहमीचं काम होतं. घरातलं माणूस गेलं आणि त्याचा एकही धड फोटो नाही असं लक्षात आलं, की एकजण लाकडं सांगायला, दुसरा सोयऱ्यांना कळवायला आणि तिसरा फोटोवाल्याला बोलवायला निघायचा. पंचवटीत, मार्केट यार्डाच्या रस्त्याला माझा स्टुडिओ होता. पुढे दुकान, मागे डार्करूम आणि त्याच्या मागे आमचं बिऱ्हाड. भाजी घेऊन येणारी खेड्यापाड्यांतली माणसं मला ओळखायची, त्यामुळे हा तिसरा माणूस बहुतेक माझ्याच दारात उभा राहायचा. मयताच्या कामाला नाही कसं म्हणणार? मी कॅमेरा उचलायचो आणि निघायचो.

माझी एक युक्ती होती. माझा कॅमेरा जुना, दोन भिंगांचा. तो छातीशी धरायचा आणि वरून मान खाली घालून त्याच्या काचेत बघायचं. मी त्या काचेतच बघायचो. घरात शिरतानाच कॅमेऱ्याचं झाकण उघडून ठेवायचो आणि बाहेर पडेपर्यंत मान वर करायचो नाही. लोकांना वाटायचं, काय मन लावून काम करतो हा माणूस. कसलं मन आणि कसलं काय! काचेत ते माणूस एवढंसं दिसायचं, म्हणून सहन व्हायचं. वीस वर्षांत मी कितीतरी मेलेली माणसं टिपली असतील, पण एकाच्याही तोंडाकडे सरळ पाहिलं नाही.

फोटो काढून झाला की खरं काम सुरू व्हायचं. मिटलेल्या डोळ्यांचा फोटो कुणालाच भिंतीवर नको असतो. 'डोळे उघडून द्या' असं लोक सांगायचे. आज हे कॉम्प्युटरवर पाच मिनिटांत होतं, तेव्हा हाताने करावं लागायचं. त्याला आम्ही टचिंग म्हणायचो. निगेटिव्हवर बारीक पेन्सिल, कागदावर बारीक ब्रश, आणि मानेचा पार खुळखुळा.

मी ते देवळाली कॅम्पातल्या एका म्हाताऱ्या फोटोग्राफरकडे शिकलो. सगळे त्यांना उस्ताद म्हणायचे, मीही म्हणायचो. फौजी लोकांच्या पुळ्या घालवणं, टोपी सरळ करणं, भुवया जुळवणं यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. मयताचे डोळे करायचे असले की ते आधी तास-दोन तास त्या घरात नुसते बसायचे. बाई हसताना डोळे बारीक करायची का, रागावली की कुठे बघायची, डोळ्यांनी भावावर गेली होती की बहिणीवर, सगळं विचारायचे. आणि मग ब्रशने रंगवायचे. त्यांनी मला एकच गोष्ट निक्षून सांगितली होती, की मेलेल्याला जिवंत माणसाचे डोळे कधी लावायचे नाहीत. का, ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. अशा गोष्टी विचारायच्या नसतात असं मला वाटायचं.

चौऱ्याण्णव-पंच्याण्णवची गोष्ट असेल. सायखेड्याहून एक माणूस सकाळी मोटरसायकलवर आला. त्यांच्या भावकीतली एक तरुण बाई कावीळ होऊन गेली होती. नवरा भाजीवाला शेतकरी, त्याला मी मार्केटमध्ये पाहिलेला. लग्नाचा एक फोटो होता म्हणे, पण त्यात मुंडावळ्यांखाली बाईचं तोंडच दिसत नव्हतं. मी मागे बसलो. वाटेत तो माणूस काहीबाही सांगत होता, माझं लक्ष नव्हतं. आमच्या घरी माझ्या बायकोला सातवा महिना होता आणि अशा दिवसांत असल्या कामाला जाऊ नये, असं माझ्या सासूने बजावलं होतं. मी सासूला हसलो होतो. मोटरसायकलवर मात्र हसू येत नव्हतं.

बाईला ओट्यावर भिंतीशी टेकवून बसवलं होतं. सवाष्ण गेली म्हणून हिरवं लुगडं, मळवट, हातभर बांगड्या. मी काचेत पाहिलं, प्रकाश बघितला, मान थोडी डावीकडे करा म्हणालो. कोणीतरी ती केली. एकच फोटो घेतला आणि मागे वळलो. नवरा खांबाला धरून उभा होता. तो म्हणाला, "भाऊ, पोरगी पाच वर्साची हाय. तिला आई कशी व्हती ते दिसलं पायजे. दहाव्याच्या आत द्या."

मी देतो म्हणालो आणि निघालो. मुलगी शेजाऱ्यांकडे ठेवली होती, मी तिला पाहिली नाही.

त्याच दिवशी रोल धुतला, कारण रोल ठेवून देणं मला जमत नाही. निगेटिव्ह वाळल्यावर भिंग लावून पेन्सिलने ठिपकेही भरून टाकले. हे जरा सांगायला हवं. फिल्म धुताना पाण्यात बुडबुडे राहिले की निगेटिव्हवर बारीक पारदर्शक ठिपके पडतात. ते कागदावर काळे उमटतात. म्हणून निगेटिव्हवरच ते पेन्सिलने भरायचे. भिंगातून चेहरा दिसतच नाही, नुसते ठिपके दिसतात, आणि हात आपोआप चालतो. दोन-तीन ठिपके होते, भरले. निगेटिव्ह पाकिटात घातली, पाकिटावर नंबर टाकला आणि आठ दिवस त्याला हात लावला नाही.

आठ दिवस! आळस म्हणा, पण आळस नव्हता तो, भीती होती. डोळे करायचे तर सायखेड्याला जाऊन त्या घरात बसायला हवं होतं, सगळं विचारायला हवं होतं. रोज सकाळी म्हणायचो, आज जाऊ. आणि रोज काहीतरी निघायचं. नवव्या दिवशी तोच मोटरसायकलवाला आला. उद्या दहावा, फोटो झाला का, असं विचारायला. मी झाला म्हणालो. जिभेला हाड नाही म्हणतात ना.

तो गेला आणि मी डार्करूममध्ये शिरलो. प्रिंट काढली. ब्रश घेतला. दोनदा डोळे रंगवले, दोन्ही वेळा ती बाई दचकल्यासारखी दिसायला लागली. दुपारचे तीन वाजले. आणि मग मला आठवलं, की आमचं लग्न झालं तेव्हा मी बायकोचा एक फोटो खिडकीशी बसवून काढला होता. मान तशीच डावीकडे, उजेडही त्याच बाजूने. मी ती निगेटिव्ह काढली, चेहरा बरोबर तेवढाच मोठा करून प्रिंट केली. ब्लेडने दोन्ही डोळे कापले, मागून पॉलिशपेपर घासून कागद पातळ केला आणि मयत बाईच्या प्रिंटवर चिकटवले. कडा ब्रशने जिरवल्या. त्याचा पुन्हा फोटो काढून नवीन निगेटिव्ह केली आणि तिची मोठी प्रिंट काढली.

काय सांगू, इतका जिवंत फोटो मी आयुष्यात केला नव्हता. दोन मिनिटं मला स्वतःचाच अभिमान वाटला. मग टेबलावर पडलेल्या बायकोच्या फोटोकडे नजर गेली. डोळ्यांच्या जागी दोन भोकं होती आणि त्यातून टेबलाचं लाकूड दिसत होतं.

तो कागद जाळायचा धीर होईना. बायकोचा फोटो कसा जाळणार, तोही पोटुशी असताना? फाडणार कसा? कचऱ्यात टाकला तर तिच्याच हाताला लागेल. शेवटी फोटोपेपरच्या रिकाम्या डब्यात, काळ्या पिशवीत घालून, डार्करूमच्या वरच्या फळीवर ठेवून दिला. पलीकडे स्वयंपाकघरात ती काहीतरी गुणगुणत भाकऱ्या थापत होती.

दुसऱ्या दिवशी फोटो घेऊन मी स्वतः सायखेड्याला गेलो. नदीवरचं कार्य आटोपून माणसं घरी परतली होती. फोटो पाटावर ठेवला, हार घातला. नवरा समोर बसला आणि ढसाढसा रडला. बायका म्हणाल्या, आता बोलंल का काय. सगळ्यांनी माझी वाखाणणी केली. मग कोणीतरी त्या पाच वर्षांच्या पोरीला पुढे आणलं.

ती आधी नुसती बघत राहिली. मग जवळ गेली, फोटोच्या काचेवर डाव्या डोळ्यावर बोट ठेवलं आणि दाबलं. पुन्हा दाबलं. मग मागे सरकली, सगळ्यांकडे बघितलं आणि म्हणाली, "ही आई नाय. ही दुसरीच बाई हाय."

तिच्या आजीने तिचं तोंड दाबलं आणि आत नेलं. ती आतून किंचाळत होती. लोक म्हणाले, लेकरू भेदरलंय, त्याला काय कळतंय. मी दारापाशी उभा होतो. त्या भरल्या घरात दोनच जणांना खरं माहीत होतं, एक ती पोर आणि दुसरा मी. आणि त्यातला मोठा माणूस चहा पिऊन गप निघून आला.

पुढच्याच महिन्यात नाशकात डोळे येण्याची साथ आली. गल्लीत प्रत्येकाला काळा चष्मा. पण माझ्या बायकोचे डोळे आले तेव्हा माझी बोबडी वळली. पापण्या चिकटायच्या, ती चाचपडत उठायची आणि म्हणायची, अहो, मला काही दिसत नाहीये. सहज म्हणायची ती, हसत. मी मात्र देव पाण्यात घालून बसलो होतो. साथीचा आजार आहे हे मला कळत होतं. मी काही अडाणी नव्हतो. पण रात्रंदिवस ती दोन भोकं डोळ्यांसमोरून हलत नव्हती. तिचे डोळे बरे झाले, वेळेवर मुलगी झाली, तीही ठणठणीत. तरी मी देवळाली कॅम्पात उस्तादांकडे गेलो आणि सगळं ओकलो.

ते तेव्हा थकले होते, खुर्चीतच असायचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "अरे, भुताखेतासाठी नव्हतं सांगितलं मी. जिवंत माणूस कोणाकडे तरी बघत असतो. तुझी बायको तुझ्याकडे बघत होती. ती नजर तू दुसऱ्याच्या घरात टांगून आलास."

जा आणि सांग त्या लोकांना, असंही ते म्हणाले. मी हो म्हणालो. त्यानंतर वर्षाभरात ते गेले. त्यांचाही शेवटचा फोटो मीच काढला, काचेत बघून.

मी सांगितलं नाही. सांगणार होतो, देवाशपथ. पण तो नवरा अधूनमधून मार्केटला आला की दुकानावर यायचा आणि मेथीची नाहीतर कोथिंबिरीची जुडी ठेवून जायचा. फुकटची भाजी मला गोड लागत नसे. एकदा म्हणाला, भाऊ, शेतातून घरी आलो की वाटतं, ती बघती माझ्याकडं, लय बरं वाटतं. हे ऐकून मला राग आला, लाज वाटली आणि भीती वाटली, तिन्ही एकदमच. माझ्या बायकोच्या नजरेवर दुसरा एक माणूस जगत होता आणि तो मला आशीर्वाद देत होता. त्याचं ते आता काढून कसं घेणार?

पण त्याच माणसाने दोनेक वर्षांनी एकदा सांगितलं, की पोरगी त्या खोलीत पाऊल टाकत नाही. फोटोकडे पाठ करून जेवते. त्यांनी तिला एका देवऋषीकडे नेलं होतं. त्याने सांगितलं, की पोरीला बाहेरचं लागलंय. मिरच्यांची धुरी दिली, लिंबू उतरवलं. आता म्हणती, ही आईच हाय, असं तो समाधानाने म्हणाला.

मी खाली मान घालून एका पासपोर्ट फोटोच्या कडा कापत होतो. ब्लेड बोटात गेलं. सात वर्षांच्या पोरीकडून त्यांनी कबुली घेतली होती, आणि चूक माझी होती. मी म्हणालो, फोटो जुना झाला असेल, आणा, नवा करून देतो. तर तो म्हणाला, "नको भाऊ. तिला आता कुणी हात लावायचा नाय."

त्यानंतर तो रस्त्यावर दिसला की मी बायकोला आत पाठवायचो. चहा टाक, मुलगी रडतेय बघ, काहीही सांगायचो. सायखेड्याचं कोणीही आलं तरी तेच. तिला वाटायचं, खेड्यातल्या माणसांसमोर बायकोने बसलेलं मला आवडत नाही. त्यावरून तिने माझ्याशी भांडणही केलं, की एरवी एवढा सुधारलेला आव आणता आणि आता हे काय. मी ऐकून घेतलं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! गिऱ्हाइकाची बेल वाजली की वर्षानुवर्षं मी आधी बायको कुठे आहे ते बघायचो.

दोन हजार सालानंतर धंदा पार बदलला. रोल गेले, कॉम्प्युटर आला. शेवटच्या फोटोला बोलावणंही कमी झालं, कारण आता प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये कोणाचा तरी फोटो असतोच. मी डार्करूम मोडली नाही. सगळे म्हणायचे, ती जागा कशाला अडवलीस? मी म्हणायचो, सवय आहे. खरं म्हणजे वरच्या फळीवरचा तो डबा कुठे हलवायचा, हे मला सुचत नव्हतं.

मग एका दुपारी एक मुलगी आली. असेल एकोणीस-वीस वर्षांची, खांद्याला कॉलेजची बॅग, हातात टॉवेलात गुंडाळलेली फ्रेम. तिने ती काउंटरवर पालथी ठेवली. मी मागचा पुठ्ठा बघितला आणि त्यावरचा माझा शिक्का ओळखला.

ती नाशकात नर्सिंगला होती. शांतपणे बोलायची, शहरातलं मराठी, पण मधूनच सायखेडा डोकावायचा. तिचं लग्न ठरलं होतं. दादांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, ठरवलं होतं, की कन्यादानाला आपल्या शेजारच्या पाटावर आईचा फोटो ठेवायचा. ती म्हणाली, "काका, मला या फोटोची भीती वाटते. लहानपणापासून वाटते. स्वतःच्या आईची भीती वाटते, हे मी कुणाला सांगू? तो समोर असेल तर मला लग्नात उभं राहता यायचं नाही. तुम्ही हा फोटो केला तेव्हा तिचे डोळे मिटलेले असतील ना? तो मिटलेल्या डोळ्यांचा फोटो आहे का तुमच्याकडे?"

बहुधा नाही म्हणालो असतो. नाहीच म्हणालो असतो. पण तेवढ्यात माझी बायको आतून पाणी घेऊन आली. सायखेड्याचं माणूस आलंय, तू आतच थांब, हे तिला सांगायला मला वेळच मिळाला नव्हता. बायकोने पेला पुढे केला आणि त्या मुलीकडे बघून हसली.

मुलीने पेला घेतलाच नाही. ती बायकोच्या तोंडाकडे बघत राहिली. मग सावकाश तिने फ्रेम उलटी केली आणि फोटोकडे पाहिलं, परत बायकोकडे पाहिलं. चौदा वर्षांनी माझी बायको जाड झाली होती, केस पिकले होते. डोळे तेच होते.

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी डार्करूममध्ये गेलो, स्टुलावर चढून तो डबा काढला आणि काळ्या पिशवीतला कागद काउंटरवर ठेवला. बायकोने स्वतःचा डोळे नसलेला तरुण चेहरा तेव्हा पहिल्यांदा पाहिला. तिने पदर तोंडाला लावला. मी दोघींना सांगितलं. आठ दिवसांची टाळाटाळ, दोनदा फसलेले डोळे, ब्लेड, सगळं. त्या मुलीला म्हणालो, पोरी, दहाव्याला तू बोललीस तेव्हा मी दारात उभा होतो आणि मी गप बसलो.

मला वाटलं, ती फ्रेम माझ्या डोक्यात घालेल. घातली असती तरी मी हूं की चूं केलं नसतं. इतकी वर्षं मला हीच भीती होती, की खरं सांगितलं तर या पोरीची आई तिच्याकडून हिरावून घेतल्यासारखं होईल. भिंतीवर का होईना, तिला एक तोंड होतं, तेही जाईल.

ती खुर्चीत बसली. मग म्हणाली, "म्हणजे माझं बरोबर होतं."

आणि रडायला लागली. माझी बायको काउंटर ओलांडून तिच्याजवळ गेली, पण हात लावायला कचरली. आपलेच डोळे या पोरीला जन्मभर भेडसावत होते, हे तिला कळलं होतं. ती खाली बघत उभी राहिली. मग मुलीनेच तिचा हात धरला.

जरा शांत झाल्यावर ती म्हणाली, मला सगळ्यांनी सांगितलं की तू विसरलीस, तू लहान होतीस. धुरी दिली तेव्हा मी हो म्हणाले. मग मलाच वाटायला लागलं, की मला आठवतेय ती बाई मीच बनवलेली आहे. मी विचारलं, काय आठवतं तुला? ती म्हणाली, आईच्या डाव्या पापणीवर तीळ होता. डोळे उघडे असले की तो घडीत जायचा, दिसायचा नाही. दुपारी आई घटकाभर लवंडायची तेव्हाच दिसायचा. मी तो बोटाने दाबायचे आणि आई डोळे उघडायची. रोजचा खेळ होता आमचा. दादांना विचारलं तर म्हणाले, असला काही तीळ नव्हताच. दादांनी तिला झोपलेली कधी पाहिली असेल? ती सगळ्यांच्या आधी उठायची आणि सगळ्यांच्या मागून निजायची.

मी निगेटिव्हचं पाकीट शोधलं. शेवटच्या फोटोची निगेटिव्ह कधी टाकायची नाही, ही उस्तादांची शिकवण तेवढी मी पाळली होती. ट्यूबलाइटसमोर धरून भिंग लावलं. पापणीवर तीळ नव्हता. मुलगी माझ्या तोंडाकडे बघत होती. 'नाही' हा शब्द माझ्या जिभेवर आला आणि मग मला ते ठिपके आठवले.

मी निगेटिव्ह उजेडात तिरकी केली. डाव्या पापणीवर पेन्सिलीची बारीकशी चकाकी होती. बुडबुड्याचा ठिपका समजून मी तिचा तीळ भरून टाकला होता. मान वर करून एकदा, फक्त एकदा त्या बाईच्या तोंडाकडे सरळ बघितलं असतं, तर मला तो दिसला असता. मिटलेल्या डोळ्यांवर तो समोरच होता.

पेन्सिल पुसता येते. कापसाचा बोळा टर्पेंटाइनमध्ये बुडवला, पिळला आणि जपून जपून ती जागा पुसली. इतकी भीती मला मयताच्या घरातही वाटली नव्हती. निगेटिव्ह जुनी, एक ओरखडा गेला असता तर सगळं संपलं असतं. पेन्सिल निघाली. खाली पारदर्शक ठिपका होता, गोल, स्वच्छ. मग डार्करूममध्ये जाऊन प्रिंट काढली. या वेळी एकाही ठिपक्याला हात लावला नाही.

प्रिंट पाण्यात होती तेव्हा बाहेर त्या दोघींचं बोलणं चाललं होतं. मुलगी बायकोला विचारत होती, की दादांना हे सांगायला नको, त्यांना आई बघतीय असं वाटतं, तर त्यांच्यापुरता तो जुना फोटो घरात राहिला तर चालेल का, लग्नात मी तो ठेवू देणार नाही. विचारणं माझं काम होतं, चौदा वर्षांपूर्वी. बायको म्हणाली, राहू दे. आणि थोड्या वेळाने, मी आतून ऐकतोय हे माहीत असूनच म्हणाली, निदान कोणीतरी विचारलं.

मी ओली प्रिंट काचेवर घालून बाहेर आणली. कागदावर करडं उमटलेलं ते हिरवं लुगडं, मळवट, मान डावीकडे, डोळे मिटलेले. मीही बघितलं, काचेतून नाही, असंच. भीती वाटली, पण बघितलं. डाव्या पापणीवर, मधोमध, मोहरीएवढा तीळ होता.

मुलगी काउंटरवर वाकली. ओल्या कागदाला हात लावू नये, डाग पडतो, हे माझ्या तोंडावर आलं होतं, पण मी बोललो नाही. तिने तिळावर बोट ठेवलं, अलगद दाबलं आणि बोट उचलून थांबली. आम्ही तिघंही थांबलो.

मग ती म्हणाली, "आता नाय उघडायची."

आणि ओढणीच्या टोकाने आईच्या गालावर ओघळलेलं पाणी टिपून घेतलं.